लेकरांचं भरीत

दिंडोरीहून बामणोदपर्यंत
बाटली स्वेटरच्या बाहीत कोंबून आणली.
कंडक्टरनं विचारलंच तर
गुलाबपाणी सांगणार होते.
मळ्यात पोचल्यावर ओल्या बारदानात गुंडाळली
आणि दोर बांधून सोडली विहिरीत,
केळीच्या पाइपाशेजारी, चाळीस फूट खाली,
जिथे जानेवारी बारा महिने मुक्कामाला असतो.

द्वारकाआत्या वांगी निवडत होती.
हिरवट पांढरी, हाताच्या कोपराएवढी.
एकेक कानाशी नेऊन टिचकी मारायची;
बियांचं वांगं बद्द वाजतं म्हणे.
"अन् तू काय करतं तिथं?"
म्हटलं, वाईन चाखते. तोंडात घोळवते, थुंकते,
मग वहीत लिहिते कशी लागली ते.
"थुंकायचा पगार देतात?"
चुडामणकाका इतके हसले
की त्यांनी रचलेल्या पऱ्हाट्या ढासळल्या.

मग जाळ. पऱ्हाटीचा जाळ उंच जातो, लवकर बसतो,
त्या तेवढ्यात वांग्यांना आतून पाणी सुटतं.
काळी सालं बोटांनी सोलायची, फुंकर मारत,
आणि गर बडगीत टाकून मुसळानं ठेचायचा.
आत्या या कामाला कुणालाच हात लावू देत नाही.

बाटली वर आली. बारदान ठिबकत होतं.
काचेचे पेले नव्हतेच, स्टीलच्या पेल्यांत ओतली,
रंग दिसायचा राहिला. माझी अर्धी विद्या तिथेच बुडाली.
उरलेल्या अर्धीत मी म्हणाले:
हिरवं सफरचंद, लिंबाची साल, नुकतं कापलेलं गवत.
आत्यानं पेला नाकाशी धरला.
कधी प्यायली नव्हती, घाईही नव्हती.
"गारगोट्या घासल्या का येतो, तो वास हाये हा.
आम्ही पोरी अंधारात घासायचो, ठिणगी पडे."
मग एक घोट. डोळा बारीक.
"कैरीले कोय धरत नाही ना, तव्हाची चव."

मी वही गाडीतळावर विसरल्यासारखी हात चाचपत राहिले.

पहिला घास मात्र फसला.
भाजलेल्या मिरच्या, लसूण, पात, शेंगदाणे,
वरून कच्चं तेल, कळण्याची भाकरी;
त्यावर वाईन घेतली आणि जिभेला चटका बसला,
तिखट दुप्पट, वाईन बिचारी नुसतं आंबट पाणी.
काका म्हणाले, भांडण लागलं दोघींचं.
मी म्हणणार होते, जोडी जमत नाही, असं होतं,
बाटलीच बदलावी लागते.

आत्या उठली. बडगीमागं झाकलेली वाटी होती,
मिरची टाकायच्या आधी काढलेलं भरीत,
लेकरांसाठी, आणि दात नसलेल्या
वच्छीमावशीसाठी दरवर्षी निघतं तसं.
त्यात फक्त मीठ, तेल, चार शेंगदाणे आणि धूर.
"घे, ह्याच्यासंगं पाहाय."

धूर आधी आला. मग वांग्याचा गोडवा,
मग तेल जिभेवर पसरलं,
आणि त्या तेलावरून वाईन
कोयत्यासारखी सपकन गेली, मागे काही न ठेवता;
पुढचा घास जणू पहिलाच.
मी थुंकले नाही.
आत्यानं आपल्या पेल्यातला दुसरा घोट घेतला.
"ताकाचं काम करते," म्हणाली,
आणि तिसऱ्याला नाही म्हणाली.

वच्छीमावशीची वाटी मी अर्धी संपवली होती.
तिनं काही न बोलता उरलेली पुढं सरकवली
आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

रिकामी बाटली घरीच राहिली,
घाण्याचं तेल भरायला.
झाकण जपून ठेव, असं मलाच बजावलं गेलं.

सोमवारी दिंडोरीत आठ नमुने मांडलेले होते.
हात तीनदा साबणानं धुतले, एकदा लिंबानं.
पहिला पेला उचलला: पऱ्हाटी.
दुसरा: पऱ्हाटी.
आठव्यापर्यंत तेच.
साहेबांना सांगितलं, सर्दी झालीय,
आणि खिडकीशी जाऊन
बोटं पुन्हा नाकाशी धरली.